परभणीहून काका-काकू येताहेत, मुंबईत पहिल्यांदाच. चार दिवसांत काय दाखवू?

उशिराची_लोकल | १ डिसेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. १४ तारखेला, रविवारी सकाळी माझे काका-काकू आणि त्यांची नात देवगिरीने येताहेत. बुधवारी रात्री त्याच गाडीने परत. काका ६९ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. काकूचे गुडघे कुरकुरतात. नात पाचवीत आहे. तिघांपैकी कुणीही मुंबई पाहिलेली नाही.

आता खरं सांगते. मी बारा वर्षं ठाण्यात राहते आणि सीएसएमटी ते ऑफिस यापलीकडची मुंबई मला माहीत नाही. परवा काकांनी फोनवर विचारलं, "बाळ, ते बोरीबंदरचं स्टेशन तू रोज बघतेस ना, कसं आहे गं?" मी म्हटलं, "गर्दी असते." दुसरं काही सुचलंच नाही. फोन ठेवल्यावर लाज वाटली.

यादी केलीय: गेटवे, घारापुरी, राणीबाग, हाजी अली, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, चौपाटी, म्हातारीचा बूट, सी लिंक, नॅशनल पार्क, वांद्र्याचे नटांचे बंगले. तिघांना ठाण्याला उतरवून घेते, अंघोळ-जेवण आटोपून दुपारी गाडी करून निघू, असा विचार आहे. चार दिवसांत एवढं बसेल का?

---

खडूस_फोर्टकर | २ डिसेंबर, सकाळी ८:०५

बसेल. गाडीच्या काचेतून बसेल. काका परत गेल्यावर त्यांना सिग्नल तेवढे आठवतील.

यादीतली निम्मी नावं आत्ताच खोडा आणि मुख्य म्हणजे त्यांना ठाण्याला उतरवू नका. देवगिरी सीएसएमटीपर्यंत येते, तर येऊ द्या की! ज्या माणसाने स्टेशन कसं आहे म्हणून फोनवर विचारलं, त्याला त्या स्टेशनात गाडीतून उतरायचं सुख मिळतंय आणि तुम्ही ते ठाण्याला संपवताय. सामान क्लोकरूममध्ये टाका आणि तुम्ही स्वतः आधी तिथे जाऊन उभ्या राहा.

एक खुबी सांगतो. बाहेरगावच्या गाड्यांच्या बाजूने बाहेर पडलात तर मूळ इमारत दिसतच नाही. लोकलच्या फलाटांकडे चालत या, तिकीटघराच्या जुन्या दालनात मान वर करून छत बघा आणि मग रस्त्यावर. रस्ता ओलांडून महापालिकेच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की अख्खं स्टेशन डोळ्यांत मावतं. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. घुमटावर हात उंचावलेली बाई दिसेल, ती 'प्रगती'. काम १८७८ मध्ये सुरू झालं, पुरं व्हायला दहा वर्षं लागली. वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स. तुम्ही ज्या कोपऱ्यावर उभ्या असाल ती पालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ची.

काका मास्तर आहेत म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पहिली गाडी, १६ एप्रिल १८५३ची बोरीबंदर ते ठाणे, या इमारतीतून सुटलेली नाही. तेव्हा ही इमारतच नव्हती, बोरीबंदरला साधं स्थानक होतं. गाईड लोक सर्रास चुकीचं सांगतात.

---

बोरीवली_पूर्व | २ डिसेंबर, सकाळी ९:३०

सगळे दक्षिणेकडेच पळतात, आमच्याकडे कुणी फिरकत नाही. कान्हेरी दाखवा हो! राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात शंभरावर लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीपासून जवळजवळ हजार वर्षं तिथे भिक्षू राहत होते. तीन नंबरचं चैत्यगृह बघताना आवाज आपोआप खाली येतो. आणि दगडात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या बघा. पावसाचा थेंब कुठून कुठे न्यायचा याचे पन्हाळ कोरलेत. आमच्या सोसायटीत टँकर येतो.

फक्त चढ आहे. काकूंचे गुडघे कितपत कुरकुरतात त्यावर ठरवा.

---

कॅलेंडरवाली | २ डिसेंबर, सकाळी १०:१५

ताई, जागा नंतर. आधी वार बघा, मुंबईत पाहुणे तिथेच फसतात.

सोमवारी घारापुरी बंद. राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरीही सोमवारी बंद. बुधवारी राणीबाग बंद आणि तिथलंच भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला जाणं म्हणजे रांगेत दिवस घालवणं. हाजी अलीला जायचं तर भरतीची वेळ बघूनच, दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. आणि रविवारी मेगाब्लॉक, तो तुम्हाला मी काय सांगायचा.

हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. पुन्हा सांगते, राणीबाग बुधवारी बंद.

---

उशिराची_लोकल | २ डिसेंबर, दुपारी १:२०

फ्रिजवर लावलं! सीएसएमटीची कल्पना पटली. काकांना अजून सांगितलेलं नाही, ठाणं गेलं तरी का उतरत नाही म्हणून गाडीत घाबरतील बहुतेक.

नटांचे बंगले मात्र नातीची फर्माईश आहे, ते कसं काय करू?

---

गिरगावचा_जावई | २ डिसेंबर, दुपारी १:५५

बंगल्याचं फाटक दिसतं. फाटकासमोर पन्नास माणसं फोन वर धरून उभी असतात, त्यांचे फोन दिसतात. पाचवीतल्या मुलीला आझाद मैदान दाखवा. १९८८ मध्ये शाळकरी तेंडुलकर-कांबळींनी ६६४ धावांची भागीदारी तिथेच केली. सीएसएमटीवरून पायी पाच मिनिटं. रविवारी तर एकाच मैदानावर इतक्या मॅचेस चालू असतात की कुणाचा चेंडू कोण अडवतंय तेच कळत नाही.

---

रोखठोक_मावळा | २ डिसेंबर, दुपारी ३:१०

वाचून गंमत वाटली. मराठी माणसाला मुंबई दाखवायची म्हणजे इंग्रजांच्या इमारती दाखवायच्या? गॉथिक काय, राणीचं स्टेशन काय. यात आपलं काय आहे?

---

खडूस_फोर्टकर | २ डिसेंबर, दुपारी ४:४५

बरं झालं विचारलंत.

स्टेशनवरची माकडं, मोर, पानंफुलं कुणी कोरली? बरंचसं काम समोरच्या जे. जे. कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांचं. म्युझियमचा, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा, पिवळा दगड मालाडचा, निळसर दगड कुर्ल्याचा. तो फोडायला लंडनहून माणसं आली नव्हती. रेल्वे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली आणि जे त्या कंपनीच्या पहिल्या संचालकांत होते ते नाना शंकरशेट. राजाबाई टॉवरला पैसे दिले प्रेमचंद रायचंदांनी, नाव दिलं आईचं. सुमारे २८० फूट उंच आहे तो, १८७८ मध्ये पुरा झाला.

आणि हे सगळं बघत बघत माणूस पोचतो कुठे? हुतात्मा चौकात. १८६४चं फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे मोर्चावर गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एकूण १०६ हुतात्मे झाले. परभणी मुंबईची पाहुणी नाही, त्या लढ्यातली हिस्सेदार आहे. काकांना तिथे पाच मिनिटं उभं करा, कुणी काही सांगायची गरज पडणार नाही.

---

रोखठोक_मावळा | २ डिसेंबर, सायंकाळी ५:०२

मान्य. जे. जे.चं माहीत नव्हतं.

---

गिरगावचा_जावई | २ डिसेंबर, रात्री १०:२०

आता निवांत बसून लिहितो. सोमवार मला द्या.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याला मुंबईतली एकच जागा दाखवायची झाली तर मी बाणगंगा दाखवेन. वाळकेश्वरला उंच उंच टॉवरांमधून एक गल्ली खाली उतरते. त्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तर खाली काही असेल असं वाटतच नाही. पाचपन्नास पावलं गेलात की हॉर्न थांबतात आणि समोर चारी बाजूंनी दगडी पायऱ्या असलेला मोठा तलाव येतो. काठाला दीपमाळा, छोटी छोटी देवळं, पाण्यात बदकं. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तलावाचं पाणी गोडं. आतून झरा आहे. शिलाहारांच्या काळात, ११२७ मध्ये, लक्ष्मण प्रभू नावाच्या मंत्र्याने तलाव बांधला असं सांगतात. शेजारचं वाळकेश्वराचं देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं, ते १७१५ मध्ये रामा कामत यांनी पुन्हा उभं केलं. रामाला तहान लागली, बाण मारला आणि पाणी निघालं, ही कथा काकूंना ठाऊक असेलच. वाळूचं लिंग केलं म्हणून वाळुकेश्वर.

सकाळी साडेआठ-नऊला पोचा. घाटावर श्राद्धविधी चाललेले असतात, फोटो जरा जपून. पायऱ्या आहेत पण अर्ध्यावर बसलं तरी सगळं दिसतं.

तिथून टॅक्सीने वर हँगिंग गार्डन, म्हणजे पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर केलेली बाग, आणि समोर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट. दहा मिनिटं पुरे. बूट लहानपणी मोठा होता, आता लहान झालाय. पण पार्काच्या कठड्यावरून चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा बाक दिसतो, तो बघितलाच पाहिजे.

मग खाली उतरून गावदेवीत मणिभवन. १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. त्यांची खोली, चरखे, खाली पुस्तकं. पलीकडे ऑगस्ट क्रांती मैदान, ८ ऑगस्ट १९४२ चं. जेवायला गिरगावात या. आमच्या सासुरवाडीच्या रस्त्यावर केशवजी नाईकांची चाळ आहे, १८९३ पासून तिथे सार्वजनिक गणपती बसतो. खोताची वाडी त्याच परिसरात. लाकडी कठड्यांचे, उतरत्या कौलांचे बंगले, दारात क्रूस आणि कुंड्या. फक्त ती लोकांची राहती घरं आहेत हो, खिडकीतून डोकावणारे पाहुणे बघून तिथले रहिवासी वैतागलेत.

---

पोहेवाली_काकू | ३ डिसेंबर, सकाळी ७:१०

काय खायचं हे कुणी लिहिलंच नाही! सीएसएमटीला उतरल्यावर समोर पंचम पुरीवाला, पुरी-भाजी. वडापाव 'आराम'चा. गिरगावात प्रकाशकडे साबुदाणा वडा आणि पियूष. धोबीतलावला क्यानी, १९०४ सालचं इराणी हॉटेल, ब्रुन मस्का चहात बुडवून खायला शिकवा नातीला. फोर्टातली बरीच हॉटेलं रविवारी बंद असतात, तेवढं लक्षात असू द्या. बाकी चौपाटीची भेळ आहेच.

---

मोरा_बंदर | ३ डिसेंबर, सकाळी ११:३०

धाग्यावर सगळे 'मुंबईची घारापुरी' म्हणताहेत. घारापुरी मुंबईत नाही. रायगड जिल्हा, तालुका उरण. काका मास्तर आहेत ना, त्यांच्यासमोर चुकीचं बोलू नका.

आता कामाचं. गेटवेवरून लाँच साधारण तासाभरात नेते. सकाळची पहिली-दुसरी गाठा. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही चढतात. वाटेत नौदलाच्या बोटी, जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या. धक्क्यावर उतरल्यावर छोटी झुकझुकगाडी आहे, तिच्यात बसाच. चालायचं अंतर वाचतं. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. भाव आधी ठरवायचा. पाण्याची बाटली हातात दिसली की माकड नेणार, पिशवीत घाला.

मुख्य लेण्यात शिरल्यावर सगळे सरळ सदाशिवाकडे धावतात. धावू नका. दाराशी डोळे अंधाराला सरावू द्या आणि मग खांबांमधून हळूहळू पुढे जा. तीन तोंडं आहेत, जवळजवळ वीस फुटांची मूर्ती. एका बाजूचं तोंड उग्र आहे, मिशा, कपाळाला आठी. दुसऱ्या बाजूचं नाजूक, ओठ बायकी, हातात कमळ. मधलं डोळे मिटलेलं. शेजारी अर्धनारीश्वर आणि गंगाधर आहेत. दुसरीकडे शिवपार्वतीचं लग्न कोरलंय, ते काकूंना आवडेल. पार्वतीची लाजलेली मान बघा म्हणावं. बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेत, त्याचं खापर पोर्तुगिजांवर फुटतं.

एलिफंटा हे नावही पोर्तुगिजांचंच. बेटावर दगडी हत्ती होता. १८६४ मध्ये इंग्रज तो उचलून न्यायला गेले, साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. तो पुन्हा जोडलाय, आता राणीबागेत संग्रहालयाच्या अंगणात उभा आहे.

---

उशिराची_लोकल | ३ डिसेंबर, रात्री ९:५०

काय लिहिलंय हो सगळ्यांनी! मूर्तीच्या मिशांचं आमच्या काकांना वाचून दाखवलं. नात म्हणते, आधी बेट बघायचं, मग तुटलेला हत्ती.

दोन प्रश्न. काकूला लोकलमध्ये बसवू का? आणि काकांनी आज हळूच सांगितलं की चैत्यभूमीला जायचंच आहे. आधी का नाही बोललात विचारलं तर म्हणाले, तुझी यादी मोठी होती.

---

अडाणी_मुशाफिर | ३ डिसेंबर, रात्री १०:३०

चैत्यभूमी सोमवारी संध्याकाळी करा. ६ डिसेंबरला लाखो लोक येतात, तुम्ही जाल तोवर गर्दी ओसरलेली असेल. मागे समुद्र, समोर स्तूप, थोडा वेळ बसता येतं. तिथून शिवाजी पार्क पायी. गिरगावातून दादरला मेट्रो तीननेच जा. भुयारी आहे, गिरगावात आणि दादरला थेट स्टेशन आहे, लिफ्ट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट हीसुद्धा त्याच मार्गावर एकामागोमाग एक.

लोकल: हो. नक्की. पण दुपारी, बायकांच्या डब्यात, स्लो गाडीने. लोकलमध्ये न बसता मुंबई पाहिली म्हणजे पंढरपूरला जाऊन कळस बघून परत आल्यासारखं.

---

वाचनमात्र | ४ डिसेंबर, सकाळी ९:००

एरवी लिहीत नाही. फक्त एवढंच की रविवारी ओव्हल मैदान विसरू नका. मैदानात मधोमध उभं राहायचं. पूर्वेकडे तोंड केलं की हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, टोकदार कमानींचं, १८७०च्या दशकातलं शहर. पाठ फिरवली की १९३०च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या, आडव्या रेघांच्या आर्ट डेको इमारती. मध्ये साठ वर्षं आणि एक क्रिकेटचं मैदान. या दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, ९४ इमारती आहेत त्यात. आर्ट डेकोच्या बाजूच्या बाल्कन्यांत अजून कपडे वाळत असतात.

---

खडूस_फोर्टकर | ४ डिसेंबर, सकाळी ९:४०

+१. ओव्हलवरून म्युझियम दहा मिनिटं आणि तिथून गेटवे तेवढंच. गेटवेला मुलीला विचारा, ताज आधीचं की गेटवे? सगळे चुकतात. ताज १९०३चं, गेटवे १९२४ मध्ये पुरा झाला. ज्या राजाच्या स्वागतासाठी तो बांधला तो १९११ मध्ये येऊन गेला, तेव्हा त्याच्यासमोर पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. शेवटची इंग्रज पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला बाहेर पडली ती मात्र खऱ्याखुऱ्या गेटवेतून.

---

उशिराची_लोकल | १९ डिसेंबर, रात्री ११:१५

मंडळी, पाहुणे सुखरूप परतले. वृत्तांत द्यायलाच हवा.

रविवार. ठाणं सुटल्यावर काकांचे चार फोन आले, "अगं गाडी पुढे निघाली." मी म्हटलं, बसून राहा. सीएसएमटीला उतरले, सामान ठेवलं, फोर्टकरांनी सांगितलं तसं जुन्या दालनातून बाहेर आलो. पालिकेच्या कोपऱ्यावर काका जे थांबले ते पाऊण तास. काकू फूटपाथवरच्या कठड्यावर बसली. नातीने माकडं शोधली, मग मोर, मग खारी, मोजत सुटली. काकांनी खिशातून छोटी वही काढली (हे त्यांचं जुनं) आणि वाघ कुठल्या बाजूला, सिंह कुठल्या, ते चित्र काढून लिहिलं. एका हवालदाराने येऊन विचारलं, काय लिहिताय. काका म्हणाले, "अहो, परभणीला सांगायला लागेल." तो हसला, आणि तोही वर बघायला लागला. म्हणाला, नऊ वर्षं ड्युटी आहे इथे, खारी कधी बघितल्या नाहीत.

हुतात्मा चौकात काकांनी चपला काढल्या. मी काही बोलले नाही.

ओव्हलवर नातीला क्षेत्ररक्षणाला उभं केलं कुणीतरी, त्यामुळे तिथला मुक्काम लांबला. म्युझियममध्ये काकांनी प्रत्येक पाटी वाचली. प्रत्येक. सहाला बंद करायला लागले तेव्हा आम्ही तळमजल्यावरच होतो. गेटवे दिव्यांतच पाहिला, मरीन ड्राइव्ह राहिला. मेगाब्लॉकची पाटी बघितली होती, पण तोवर तो संपून गेला होता. उशीर पथ्यावर पडला.

सोमवार. जावईबापू, तुम्हाला साष्टांग. बाणगंगेवर काकू पाचव्या पायरीवर बसली ती उठेचना. आमच्या गावच्या बारवेसारखं आहे म्हणाली, फक्त आमची बुजवली. बदकांना नातीने चुरमुरे घातले. दीड तास झाला, मी घड्याळ बघत होते तर काकू म्हणाली, "तुला ऑफिसला जायचंय का?" मणिभवन झालं, खोताची वाडी बाहेरूनच. बूट बघून नात म्हणाली, "एवढाच?" चैत्यभूमीवर काका-काकू दोघंही बराच वेळ बसले. काकांनी वहीत काय लिहिलं ते दाखवलं नाही.

मंगळवार, घारापुरी. लाँचवर नात वरच्या डेकला, समुद्रपक्षी मागे लागलेले. झुकझुकगाडी झाली. पायऱ्यांपाशी मी डोलीवाल्याशी भाव करत होते तर काकूने माझा हात धरला. "चार माणसांच्या खांद्यावर एकदाच जायचं असतं, आज नाही." आणि चढली. दर दहा पायऱ्यांना एका दुकानात बसायची, दुकानवालीशी बोलायची, पुढे निघायची. वर पोचेपर्यंत तिला निम्म्या बेटाची खबर होती: कुणाची मुलगी उरणला दिलीय, वीज २०१८ मध्ये आली त्याआधी जनरेटर किती तास चालायचा, पावसाळ्यात धंदा कसा बसतो. आत मात्र गप्प झाली. लग्नाच्या शिल्पापाशी म्हणाली, "हिची मान बघ. हिला माहेर सुटल्यागत झालंय." सदाशिवासमोर आम्ही तिघी फरशीवरच बसलो, काका मिशा बघायला बाजूला गेले.

माकडाने माझी बाटली नेली. पिशवीतच होती.

आता बुधवार. कॅलेंडरवाली ताई, मारा मला. फ्रिजवरचा कागद रविवारी रात्री दूध काढताना खाली पडला, मी तो उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. बुधवारी सकाळी नात "हत्ती, हत्ती" करत उठली, आणि तिघांना घेऊन मी भायखळ्याला हजर. फाटक बंद. पहारेकऱ्याने पाटीकडे बोट दाखवलं. नातीचे डोळे भरून आले, काकू म्हणाली जाऊ दे, काका पाटी वाचायला लागले.

परत स्टेशनवर आलो. गाडीला वेळ होता म्हणून बाकावर बसलो तर काकांना भायखळा स्टेशनच आवडलं. जुनं दगडी, नीट डागडुजी केलेलं. फोनवर शोधलं तर या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळालाय. मी इथून रोज जाते, दोनदा. काका म्हणाले, "गर्दी असते ना?" आणि डोळे मिचकावले. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

तिथून स्लो लोकलने सीएसएमटी, बायकांच्या डब्यात. काकूला खिडकी मिळाली. एका बाईने तिला गजरा दिला, दोन कानातली विकत घेतली, मशीद येईपर्यंत तिने आणखी एका बाईला गुडघ्यावरचं तेल सांगितलं. दुपारभर मरीन ड्राइव्हला बसलो, राहिलेला हिशेब चुकता केला. रात्री देवगिरी. दिव्यांत स्टेशन पुन्हा पाहिलं, फलाटावर जायला जेमतेम दहा मिनिटं उरली होती.

हाजी अली, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, सी लिंक, कान्हेरी, सगळं राहिलं.

---

कॅलेंडरवाली | २० डिसेंबर, सकाळी ७:३०

ठळक अक्षरांत लिहिलं होतं हो मी!

---

गिरगावचा_जावई | २० डिसेंबर, सकाळी ९:१०

"आमची बुजवली" वाचून थांबलो. मुंबईतही कमी विहिरी बुजवलेल्या नाहीत. आमच्या सासऱ्यांच्या वाडीत एक होती, आता तिच्यावर स्कूटर उभ्या राहतात.

---

बोरीवली_पूर्व | २० डिसेंबर, सकाळी ९:४५

कान्हेरी राहिली. मला माहीतच होतं.

---

उशिराची_लोकल | २० डिसेंबर, सकाळी १०:३०

बोरीवलीकर, मे महिन्याच्या सुट्टीत नात एकटी येणारे, तिचे गुडघे ठणठणीत आहेत. कान्हेरी पहिल्या दिवशी. हत्ती गुरुवारी.

---

पोहेवाली_काकू | २० डिसेंबर, दुपारी १२:१५

मे महिन्यात कान्हेरी! सकाळी सातला निघा, ताक घेऊन. आणि पियूष प्यायलात की नाही ते लिहिलं नाहीत.

---

मोरा_बंदर | २० डिसेंबर, दुपारी १:००

काकांच्या वहीत घारापुरी कुठे म्हणून लिहिलंय?

---

उशिराची_लोकल | २० डिसेंबर, दुपारी १:०८

पियूष दोन-दोन ग्लास.

मोराकर, रायगड. तालुका उरण. खाली दोन रेघा मारल्यात.